मरीया, श्रद्धा आणि तारण : एका जुन्या वादाचा मराठी मागोवा

पनवेल शहर माथेरानच्या रस्त्याने सुकापूरकडे पसरत गेले, तशी तेथील नव्या वसाहतींमध्ये सर्व प्रांतांतील आणि सर्व धर्मांतील कुटुंबे येऊन राहिली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ती सारी 'ख्रिश्चन'च. डिसेंबरमध्ये सर्वांच्याच खिडकीत चांदणीचा आकाशकंदील लागतो आणि केकची ताटली सर्वांच्याच घरून येते. परंतु थोडे बारकाईने पाहिले तर फरक जाणवतो. एका घरात मरीयेची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती आणि जपमाळ असते. दुसऱ्या घरात मूर्ती तर नसतेच, भिंतीवरचा क्रूसही येशूच्या प्रतिमेविना रिकामा असतो. एका घरचे लोक 'फादर'कडे जातात, दुसऱ्या घरचे 'पाळकसाहेबां'कडे. पहिले कॅथलिक, दुसरे प्रोटेस्टंट. एरवी हा भेद कोणाच्या लक्षात येत नाही. मुलामुलींची लग्ने ठरू लागली की मात्र तो एकाएकी पुढे येतो.

या दोन समाजांची मराठीही थोडी वेगळी आहे. कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, प्रोटेस्टंट 'बाप्तिस्मा'. कॅथलिकांचा 'पवित्र मिस्सा' असतो, प्रोटेस्टंटांची 'उपासना'. एकांची 'ख्रिस्तसभा', तर दुसऱ्यांची 'मंडळी'. 'तारण' हा शब्द मात्र दोघांचाही आहे आणि सारा वाद त्याच एका शब्दाभोवती फिरतो. मरीयेला किती मान द्यावा, हा प्रश्न वरवर स्वतंत्र वाटला तरी तोही याच मुळाशी जाऊन पोहोचतो.

शब्दसंग्रह वेगळा असण्याचे कारण ऐतिहासिक आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माचे हे दोन प्रवाह वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या वाटांनी आले. पोर्तुगीजांकडे १५३४ मध्ये वसई आली आणि त्यांच्याबरोबर आलेल्या फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंनी उत्तर कोकणात कॅथलिक पंथाची स्थापना केली. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावरही हा समाज टिकून राहिला. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई येथे पोर्तुगीज-मिश्रित बोली बोलणारे कॅथलिक आजही आहेत. दुसरा प्रवाह जवळजवळ तीन शतकांनी आला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये बाणकोटला काम सुरू केले आणि अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे आपले केंद्र केले. युरोपात मार्टिन ल्यूथरने वादाला तोंड फोडले ते १५१७ मध्ये. म्हणजे पहिला प्रवाह वाद ऐन भरात असताना आला आणि दुसरा, दोन्ही बाजूंनी आपापल्या भिंती पक्क्या बांधून झाल्यावर.

इथे एका योगायोगाची नोंद केली पाहिजे. 'क्रिस्तपुराण' हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज होता. एलिझाबेथ राणीचे इंग्लंड प्रोटेस्टंट झाले होते आणि तेथे कॅथलिक धर्मगुरू होणे अशक्यप्राय होते. म्हणून त्याने देश सोडला, १५७५ मध्ये रोमला जेझुइट संघात प्रवेश केला आणि १५७९ मध्ये तो गोव्याला पोहोचला. मराठीतील पहिली मोठी ख्रिस्ती काव्यरचना आपल्याला लाभली, त्यामागे हा युरोपीय कलह असा अप्रत्यक्षपणे उभा आहे.

माकडीचे पिल्लू, मांजरीचे पिल्लू

आता मूळ मुद्दा. ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने मनुष्य पापी आहे आणि स्वतःच्या बळावर तो ईश्वराशी तुटलेले नाते जोडू शकत नाही. हे नाते येशूच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने जोडले गेले, यावर दोन्ही पंथांचे एकमत आहे. त्या तारणाचा लाभ प्रत्येक व्यक्तीला कसा होतो, हा प्रश्न मात्र दोघांना वेगळे करतो.

सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पापांच्या शिक्षेतून सूट देणारी 'क्षमापत्रे' पैसे घेऊन दिली जात होती. ल्यूथर हा ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी आणि विटेनबर्ग विद्यापीठातील बायबलचा अध्यापक. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने या व्यवहाराविरुद्ध आपली पंच्याण्णव विधाने मांडली. क्षमापत्रे हे केवळ निमित्त होते. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अभ्यासातून ल्यूथरची अशी खात्री होत गेली होती की मनुष्य ईश्वरापुढे नीतिमान ठरतो तो केवळ श्रद्धेने, आपल्या सत्कृत्यांच्या पुंजीवर नव्हे. आपल्या जर्मन भाषांतरात त्याने या पत्रातील एका वचनात (३:२८) 'केवळ' हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द घातला आणि त्यावरून मोठे काहूर माजले. भाषेच्या ओघाला तो शब्द आवश्यक आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच नव्या करारातील याकोबाच्या पत्रात मात्र मनुष्य केवळ श्रद्धेने नव्हे, तर कर्मांनीही नीतिमान ठरतो, असा आशय आहे (२:२४). कॅथलिक पक्षाने ते पत्र पुढे केले. ल्यूथरने त्याला काडीगवताच्या मोलाचे ठरवले.

रोमचे अधिकृत उत्तर ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) दिले. जानेवारी १५४७ मधील तिचा या विषयावरील निर्णय वाचला, तर एक लोकप्रिय गैरसमज दूर होतो. सत्कर्मे करून स्वर्ग विकत घेता येतो, असे कॅथलिक मत नाही. कृपेशिवाय, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी तारण मिळते असे मानणाऱ्याला ट्रेंटने पहिल्याच कलमात बहिष्कृत ठरवले आहे. फरक दुसरीकडे आहे. प्रोटेस्टंट मतानुसार ईश्वर पापी माणसाला नीतिमान 'ठरवतो', जसे न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो. सत्कर्मे ही त्यानंतरची फळे. कॅथलिक मतानुसार ईश्वराची कृपा माणसाला आतून नीतिमान 'बनवते', आणि या घडण्याला माणूस आपल्या स्वतंत्र इच्छेने होकार व सहकार्य देतो. संस्कार, प्रार्थना आणि परोपकार ही त्या घडण्याची साधने.

भक्तिमार्गाच्या चर्चा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना येथे मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय यांची आठवण होईल. माकडीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असते. मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करत नाही. रामानुजांच्या अनुयायांमध्ये याच प्रश्नावरून दोन पक्ष पडले. ल्यूथरचा माणूस मांजरीचे पिल्लू आहे. कॅथलिकांचा माणूस माकडीचे, मात्र एका दुरुस्तीसह: आईला धरण्याचे बळही त्याला आईनेच दिलेले असते. ही दुरुस्ती विसरली की वाद विनाकारण भडकतो आणि चार शतके बहुतांशी तसेच घडत गेले.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वॉन्टेज येथे झाला. ज्या भगिनीसंघाच्या आश्रयाने तो झाला, त्याचे नावच कुमारी मरीयेवरून ठेवलेले होते. हा संघ अँग्लिकन, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या प्रोटेस्टंट, पण त्यातल्या त्यात कॅथलिक वळणाचा. रमाबाईंवर ज्यांच्या पत्रांचा प्रभाव होता ते फादर नीलकंठ (नेहेम्या) गोरे हेही प्रोटेस्टंट मिशनमध्ये बाप्तिस्मा घेऊन पुढे याच वळणाकडे झुकलेले. रमाबाईंचा स्वभाव मात्र कोणाच्या अधिकाराखाली मुकाट्याने राहणारा नव्हता. भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत पत्रातून दीर्घ वाद झाला. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना असे वाटू लागले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. संस्कार झाला, पण अंतःकरणातील विश्वास राहून गेला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. बाप्तिस्म्याने तारणाची सुरुवात होते की वैयक्तिक विश्वासाने, हा पेच त्यात स्पष्ट दिसतो. कॅथलिक धर्मगुरूने त्यांना सांगितले असते की संस्काराच्या वेळीच कृपेचे बीज पडले होते, १८९१ मध्ये ते उगवले. रमाबाईंनी ते मान्य केले असते असे वाटत नाही.

मरीया

मरीयेविषयीचा वाद ल्यूथरने सुरू केला, असे सर्रास समजले जाते. ते खरे नाही. मरीयेला 'ईश्वराची माता' म्हणणे योग्य आहे, हा निर्णय इफिससच्या परिषदेने ४३१ मध्ये दिला होता आणि ल्यूथरला तो पूर्ण मान्य होता. मरीया आजन्म कुमारी राहिली, असेही तो मानत असे. तिच्या स्तुतिगीतावर त्याने १५२१ मध्ये आदराने ओथंबलेले भाष्य लिहिले. त्याचा विरोध होता तो तिच्याकडे धाव घेण्याला, ईश्वरापुढे ती आपली बाजू मांडील या भरवशाला. ईश्वर आणि मनुष्य यांच्यातला मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रातील हे वचन (२:५) प्रोटेस्टंट युक्तिवादाचा कणा आहे.

यावर कॅथलिकांचे उत्तर असे की, आपण आजारी पडलो तर शेजाऱ्याला 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणतो. स्वर्गस्थ मरीयेला तेच म्हणण्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपद कमी होत नाही. त्यांच्या धर्मशास्त्रात आराधना फक्त ईश्वराची. संतांना आदर आणि मरीयेला त्याहून वरचा, विशेष आदर. शास्त्रात ही रेषा स्पष्ट आहे. परंतु सप्टेंबर महिन्यात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, हातापायांच्या, घरांच्या आणि तान्ह्या बाळांच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू घेऊन रांगेत उभ्या असलेल्या भाविकाला ती रेषा नेमकी कुठे आहे हे सांगता येईल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्या रांगेत हिंदू, पारशी, मुसलमानही असतात आणि त्यांच्यासाठी ती 'मोतमाउली' असते. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथेही दर सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते, आणि तीही त्याच जिल्ह्यात, जिथे अमेरिकन मिशनने मूर्तिपूजेविरुद्ध अनेक दशके उपदेश केला. मराठी प्रोटेस्टंटांच्या मनातील मरीयेविषयीचा अवघडलेपणा समजून घ्यायचा तर हे ध्यानात घ्यावे लागते. ज्यांच्या पूर्वजांनी घरातले देव सोडून बाप्तिस्मा घेतला, त्यांना मूर्तीपुढची मेणबत्ती ही सोडलेल्या वाटेवरची वाटते. त्यांच्या दहा आज्ञांमध्ये मूर्ती न करण्याची आज्ञा स्वतंत्र, दुसऱ्या क्रमांकाची आहे. कॅथलिक परंपरा ती पहिल्या आज्ञेतच धरते. त्यामुळे व्यभिचाराची मनाई कॅथलिक मुलाला सहावी म्हणून पाठ असते आणि प्रोटेस्टंट मुलाला सातवी.

येशूच्या भावांचा प्रश्न तर मराठी माणसाला विशेष समजण्याजोगा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (६:३) याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन हे येशूचे भाऊ म्हणून येतात. बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात, ही मरीयेची पुढची मुले. कॅथलिक म्हणतात, हे चुलत किंवा मावस भाऊ. आपल्याकडेही मावसभावाची ओळख करून देताना आपण 'हा माझा भाऊ' असेच म्हणतो, त्यामुळे कॅथलिक बाजू आपल्याला चटकन पटते. प्रोटेस्टंट पंडित मात्र दाखवून देतात की ग्रीक भाषेत चुलतभावासाठी वेगळा शब्द होता आणि नव्या करारात तो अन्यत्र वापरलेलाही आहे. देवदूताने मरीयेला केलेल्या संबोधनातही असाच शब्दाचा पेच आहे. कॅथलिक प्रार्थना तिला 'कृपापूर्ण' म्हणते. प्रोटेस्टंट मराठी बायबल 'कृपा पावलेली' म्हणते. पहिल्या शब्दात कृपा तिच्या ठायी भरलेली आहे, दुसऱ्यात ती तिला मिळालेली आहे. पुन्हा तोच प्रश्न: कृपा माणसाला आतून बदलते, की बाहेरून लाभते?

दरी खरोखर रुंदावली ती ल्यूथरनंतर तीन शतकांनी. ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी जाहीर केले की मरीया आईच्या उदरात असल्यापासूनच आदिपापापासून मुक्त होती. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी, ती सदेह स्वर्गात घेतली गेली, हे श्रद्धातत्त्व घोषित केले. कॅथलिकांना ही तत्त्वे मानणे बंधनकारक आहे. प्रोटेस्टंटांची हरकत मरीयेच्या थोरवीला जितकी आहे, त्याहून अधिक या बंधनाला आहे: बायबलमध्ये ज्याचा स्पष्ट उल्लेख नाही ते तारणासाठी आवश्यक कसे? कॅथलिक उत्तर असे, की धर्मग्रंथाबरोबर परंपराही प्रमाण आहे आणि मरीयेचा पापमुक्तपणाही ख्रिस्ताच्या पुण्याईनेच आहे. तिचे तारण आधी झाले एवढेच.

कॅथलिक मत या विषयात एकसंध आहे, असेही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरीयेवर स्वतंत्र दस्तऐवज करावा की ख्रिस्तसभेवरील दस्तऐवजातच तिचे प्रकरण घालावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. १,११४ विरुद्ध १,०७४ अशा काठावरच्या बहुमताने दुसरा पर्याय निवडला गेला. मरीयेला 'सहतारक' म्हणावे, ही काही भाविकांची मागणीही जुनीच. व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वविषयक विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एका टिपणाद्वारे हे बिरुद वापरणे उचित नसल्याचे स्पष्ट केले, कारण त्याने ख्रिस्ताचे एकमेवपण झाकोळते. प्रोटेस्टंट पक्ष नेमके हेच तर म्हणत आला होता.

मराठी प्रोटेस्टंटांनी मरीयेला दूर ठेवले, तरी मातृत्वाची ओढ त्यांनाही टाळता आली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला. वारकरी परंपरेत वाढलेल्या मनाला विठ्ठल 'विठाई' होतो, ज्ञानेश्वर 'माउली' होतात. टिळकांनी तीच हाक थेट ख्रिस्ताला घातली; त्यांच्या भजनांत ख्रिस्त हाच आई आहे. वसईच्या कॅथलिकाची माउली मरीया, नगरच्या प्रोटेस्टंटाची माउली स्वतः येशू. मराठी भाषेने एकच शब्द दोघांना दिला आणि दोघांनी तो वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला. युरोपातील वादाच्या इतिहासात न सापडणारे हे पान आहे.

कागदावर आणि घरात

श्रद्धा आणि कर्म यांविषयीचा मूळ वाद कागदावर बराचसा मिटला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्जबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण केवळ कृपेने, ख्रिस्तावरील श्रद्धेने होते आणि सत्कर्मे तिच्यातून उगवतात, असे दोघांनी मिळून मान्य केले. उरलेले मतभेद एकमेकांना बहिष्कृत ठरवण्याइतके नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये त्याला साथ दिली. मरीयेविषयीची दोन श्रद्धातत्त्वे, पोपचा अधिकार आणि प्रभुभोजनाचे स्वरूप हे प्रश्न मात्र उभेच आहेत.

आपल्याकडच्या प्रोटेस्टंटांमध्येही एकवाक्यता नाही. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि अन्य काही मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. तिच्यात मरीयेविषयी मवाळ असलेले जुने अँग्लिकन आहेत, तसेच कडवेही आहेत. मुंबई, पनवेलसारख्या शहरांच्या पट्ट्यांत भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची भूमिका सर्वांत कठोर. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्या मानत नाहीत. त्यामुळे कॅथलिक घरातला तरुण त्यांच्याकडे गेला की त्याला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला जातो आणि त्याच्या आईच्या दृष्टीने हा तिच्या जपमाळेचाच नव्हे, तर त्याच्या बारशाच्या दिवसाचाही अव्हेर असतो. ऑग्जबर्गचा जाहीरनामा अशा घरात पोहोचत नाही.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या तरुणाशी कॅथलिक तरुणीचे लग्न ठरले तर परिस्थिती तुलनेने सोपी असते. कॅथलिक चर्च त्याचा बाप्तिस्मा वैध मानते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार अशा विवाहाला बिशपांच्या कार्यालयाची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक संस्कारांत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन फक्त कॅथलिक पक्ष देतो. दुसऱ्या पक्षाला त्याची कल्पना दिली जाते, सही मागितली जात नाही; पूर्वी त्यालाही वचन द्यावे लागे. विशेष सवलत मिळाल्यास विवाह प्रोटेस्टंट चर्चमध्येही होऊ शकतो. मात्र त्या दिवशी मिस्सा असेल तर वराला सहसा ख्रिस्तशरीर दिले जात नाही. पुढे मूल प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाप्तिस्मा पावले तरी कॅथलिक चर्च तो पुन्हा करत नाही. खरी निवड करावी लागते ती मूल आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर. वर्गातील कॅथलिक मुलांची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी सुरू होते आणि आपण रविवारी नक्की कुठे जायचे, हे ते मूल आईवडिलांना विचारू लागते.